गुरुवार, इन्व्हर्टर आणि न झोपणारं कार्ड

“रफिकभाऊ, पुन्हा गेला. दोन वाजून दहा मिनिटांनी.”

फोनवर मळवलीची अश्विनी होती. गेला म्हणजे इन्व्हर्टर. मी दुकानात एका लॅपटॉपची बिजागरी बसवत होतो, ती तशीच ठेवली. कारण त्या इन्व्हर्टरची बॅटरी कोरी करकरीत होती आणि ती बदलायला मीच सांगितलं होतं.

“नवी बॅटरी, आणि चार तासांत खल्लास?”

“जुनी दीड वाजता जायची. ही दोनला जाते. एवढाच फरक.”

“आणि मीटिंग?”

“मीटिंग तीनची. मी ऑनलाइन आलेच नाही. सरांचा फोन येऊन गेला. पुढच्या गुरुवारी पुन्हा गायब झालात तर सोमवारपासून ऑफिसला यायचं, म्हणाले.” मग ती म्हणाली, “तुम्ही बॅटरीच खराब आहे म्हणाला होतात ना, भाऊ?”

म्हणालो होतो. बघायला न जाता, फोनवरच म्हणालो होतो. तळेगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. इतकी वर्षं झाली की माणसाला न बघता बोलायची सवय लागते. इन्व्हर्टर लवकर जातो म्हटलं की बॅटरी, मशीन स्लो म्हटलं की रॅम. दहातल्या आठ वेळा ते बरोबर निघतं आणि उरलेल्या दोन वेळा असं तोंडावर पडायला होतं.

गुरुवारचं आधी सांगतो. आमच्याकडे लाइन दुरुस्तीसाठी लाइट जायची ती गुरुवारी. सकाळी दहाला जाते, पाचच्या सुमाराला येते. लोकांना त्याची इतकी सवय आहे की गुरुवारी कोणी गिरणीत दळण टाकत नाही, आणि वेल्डिंगवाला त्याच दिवशी सासुरवाडीला जाऊन येतो. अडचण फक्त अश्विनीची होती. ती पुण्यातल्या एका इंटिरिअरच्या कंपनीसाठी वॉकथ्रू करते. म्हणजे फ्लॅटचं फर्निचर व्हायच्या आधीच तो फ्लॅट कॉम्प्युटरवर पूर्ण उभा करायचा आणि मालकाला स्क्रीनवरच हॉलमधून किचनमध्ये, किचनमधून बाल्कनीत फिरवून आणायचं. काम घरून. आणि महिन्याभरापासून कंपनीने क्लाएंटला दाखवायची मीटिंग ठेवली होती दर गुरुवारी, दुपारी तीनला.

घरी अकरा महिन्यांची मुलगी. नवरा वराळ्याच्या कंपनीत, शिफ्ट ड्युटी. सासू नाही. सासरे किसनआबा, एका मुंबईच्या शेठच्या बंगल्याची राखण करतात आणि त्याच आवारातल्या दोन खोल्यांत हे कुटुंब राहतं. अश्विनीला रोज बाणेरच्या ऑफिसला जायचं म्हटलं तर मुलीला बघायला कोणी नाही. ऑफिसला या, याचा तिच्यासाठी अर्थ एकच होता, नोकरी सोडा. हे ती फोनवर बोलली नाही, पण मला कळायला ते बोलायची गरज नव्हती.

शुक्रवारी सकाळी स्कूटर काढली आणि कामशेतवरून मळवली गाठली. लाइट होती. किसनआबा गेटपाशी खुर्ची टाकून बसले होते.

“या रफिकभाऊ. सूनबाई लय टेन्शनमदी हाय. काय ते एकदाचं बगा.”

आत गेलो. मशीन मीच दोन वर्षांपूर्वी जुळवून दिलेलं. दोन स्क्रीन. एकीवर अश्विनीचं काम, दुसरीवर बंगल्याच्या कॅमेऱ्यांची आठ चित्रं. मी पिशवीतून वॅट मीटर काढला. सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये लावायचा तळहाताएवढा डबा असतो. मशीन त्या क्षणाला किती वीज खातंय ते तो आकड्यात दाखवतो. हा डबा मी महिन्यापूर्वीच लावायला हवा होता.

“सगळं बंद करा ताई. काम, ब्राउझर, सगळं. नुसता डेस्कटॉप ठेवा.”

तिने बंद केलं. मीटरवर आकडा आला एकशे शहात्तर.

मी डबा काढून पुन्हा लावला. पुन्हा एकशे शहात्तर. दोन स्क्रीनसकट असं मशीन रिकामं बसलेलं असताना नव्वद-पंच्याण्णव वॅट खाईल, असा माझा हिशेब होता. इथे काहीही चालू नसताना जवळपास दुप्पट जात होतं. वर पंखा, राउटर आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. बॅटरी बिचारी चार तास टिकत होती हेच पुष्कळ. तिला मी उगाच बदनाम केलं होतं.

“व्हायरस आहे का?” अश्विनीने विचारलं.

“सगळ्यांना आधी व्हायरसच आठवतो. प्रोसेसर तर शांत आहे बघा.” मी कॉम्प्युटरच्या बाजूला हात लावला. मागून गरम हवा येत होती. प्रोसेसर शांत आणि हवा गरम, मग उरलं ग्राफिक्स कार्ड.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे स्क्रीनवरचं चित्र काढणारा वेगळा भाग. अश्विनीच्या कामात खरी मेहनत त्याचीच. त्याच्या आत एक ठेका चालू असतो. सेकंदाला किती ठोके पडतात त्याला क्लॉक म्हणायचं. ठोके जास्त तितकं काम भरभर होतं, आणि तितकीच वीज जास्त लागते. काम नसलं की कार्डाने आपणहून ठोके कमी करून पडून राहायचं असतं. त्याला आमच्या भाषेत आयडल म्हणतात. कार्डाचा क्लॉक दाखवणारा एक छोटा प्रोग्राम असतो, तो मी उघडला.

कार्ड पडून राहिलं नव्हतं. ठोके वरच्या टोकाला, मेमरीचे ठोकेही वरच्या टोकाला. कामावर कोणी नाही आणि गडी पूर्ण जोर लावून उभा.

मग मी कार्डाची सेटिंग उघडली. तिथे पॉवरच्या ओळीत लिहिलं होतं, कायम पूर्ण क्षमता. म्हणजे काम असो वा नसो, खाली उतरायचंच नाही.

“हे कोणी केलं?” अश्विनी वाकून बघत होती.

आता काय सांगणार. आम्हा असेंबल करणाऱ्यांची एक खोड आहे. मशीन गिऱ्हाइकाच्या हातात देताना सगळं फुल करून द्यायचं. पहिल्या दिवशी मशीन कसं पळतंय बघून गिऱ्हाईक खूश होतं, चार लोकांना सांगतं. नंतर वीज किती जाते हे कोण बघतो?

“मीच केलं होतं,” मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. सुनांना सासरी कुठे गप्प बसायचं ते चांगलं समजतं, आणि ते दुकानदारांच्या बाबतीतही लागू पडतं. मी ती सेटिंग साधी केली. मीटर एकशे एक्कावन्नवर आला.

अजून बरंच उरलं होतं. कार्डाचा मुख्य क्लॉक थोडा उतरला होता, मेमरीचा मात्र हलायला तयार नव्हता. याचं कारण मला माहीत होतं, फक्त लवकर आठवलं नाही. अश्विनीची मोठी स्क्रीन सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा चित्र बदलत होती. कॅमेऱ्यांची जुनी स्क्रीन साठ वेळा. मेमरीचा क्लॉक बदलायचा तर कार्डाला क्षणभराची मोकळीक लागते, एक चित्र संपून दुसरं सुरू व्हायच्या मधली. एक स्क्रीन असेल तर ती मोकळीक मिळते. दोन स्क्रीन वेगवेगळ्या चालीच्या असतील तर एकीची मोकळीक असते तेव्हा दुसरीचं काम चालू असतं.

किसनआबा दारात येऊन ऐकत होते. त्यांना मी म्हणालो, “आबा, आपलं रेल्वे फाटक बघा. अप गाडी गेली की उघडणार, तेवढ्यात डाउन येते. दोन्ही लाइन एकदम मोकळ्या झाल्या तरच फाटक उघडतं ना?”

“व्हय. कवा कवा पाऊण तास बसवत्यात.”

“हे कार्ड तसंच फाटकात अडकलंय. दोन वर्षं.”

मी मोठी स्क्रीनही साठवर आणली. अश्विनीला फरक दिसला नाही. मेमरीचा क्लॉक धपकन खाली आला आणि मीटर एकशे चोवीस दाखवू लागला. आता मला हुरूप आला होता. आबांनी चहा आणला, तो मी उभ्यानेच प्यायलो.

उरलेले तीसेक वॅट कुठे जातायत ते समोरच दिसत होतं. आठ कॅमेरे. आठ चित्रं पूर्ण क्वालिटीत येत होती, एकेक चित्र अख्खी स्क्रीन भरेल एवढं मोठं. कार्ड आठही मोठी चित्रं उलगडून मग ती छोट्या चौकोनांत बसवत होतं. अश्विनीने सगळं बंद केलं होतं, पण कॅमेरे बंद करायचे असतात हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या घरात कॅमेरे म्हणजे भिंत किंवा खिडकी, ती कोण बंद करतं?

“आबा, गुरुवारी दुपारपुरते हे कॅमेरे बंद ठेवले तर?”

“न्हाई.”

“फक्त तीन-चार तास.”

“शेठनी सांगितलंय, आठी कॅमेरे डोळ्यासमोर पायजेत. बंगल्यातला टीव्ही बिगडला तवा शेठच म्हनले, सूनबाईच्या मशीनवर लाव. मी लावलं. आता मी कसं बंद करू?”

“पण तुम्ही गेटवर असताच की.”

“गेटवर बसलो की गेट दिसतं, रफिकभाऊ. मागली भिंत कोन बगनार?”

तेवीस वर्षं तो बंगला सांभाळलेला माणूस. शेठच्या मुलांची लग्नं झाली, बंगल्याचा रंग चार वेळा बदलला, आबा तिथेच. अश्विनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होती, सोडा म्हणून. नोकरी तिची जाणार होती, तरी सासऱ्यांना शब्द मोडायला लावायची तिची तयारी नव्हती. मला दोघांचाही थोडा राग आला, आणि दोघंही बरोबर होते याचा जास्त आला.

मग बंद न करता काय करता येईल ते बघितलं. प्रत्येक कॅमेरा दोन चित्रं पाठवतो, एक मोठं आणि एक हलकं. हलकं चित्र मोबाइलवर बघण्यासाठी असतं. आठही चौकोनांना मी हलकं चित्र जोडलं.

आबांनी चष्मा लावला. “हे कोन? मानूस हाय का म्हैस?”

“जरा अंधूक दिसेल आबा. चौकोनावर दोनदा क्लिक केलं की पुन्हा स्पष्ट.”

आबांनी निरखून बघितलं. “म्हैसच हाय. धोंडूची. चालीवरून वळखली. चालंल.”

शेवटचं काम म्हणजे मी कार्डाला वरून झाकण घातलं. म्हणजे एक छोटी आज्ञा दिली, की क्लॉक या आकड्याच्या वर जाऊच द्यायचा नाही, कितीही काम आलं तरी. कॅमेऱ्यांच्या निमित्ताने ते मधूनमधून उसळत होतं, ते थांबलं. मीटरवर अठ्ठ्याण्णव आले. एकशे शहात्तरचे अठ्ठ्याण्णव. मी मीटरचा फोटो काढला. घरी जाऊन बायकोला दाखवला. ती म्हणाली, “बरं. भाजी आणलीत का?”

सोमवारी संध्याकाळी अश्विनीचा फोन आला. आवाज पडलेला.

“भाऊ, आज मी रंगीत तालीम केली. गुरुवारचा फ्लॅट उघडला आणि फिरून बघितलं. हॉलमधून किचनकडे जाताना चित्र अडकतंय. उडी मारून पुढे जातंय. क्लाएंटला असं दाखवलं तर ते म्हणतील, यांचं कामच कच्चं आहे.”

बरोबर होतं. मी घातलेलं झाकण कार्ड रिकामं असताना उत्तम होतं. पण ज्या कामासाठी कार्ड घेतलं त्याच कामाला ते आडवं येत होतं. झाकण काढलं की वीज जाणार, ठेवलं की चित्र अडकणार. मी मंगळवारी पुन्हा मळवलीला गेलो. खरं सांगायचं तर माझ्याकडे उपाय नव्हता. झाकण कुठेतरी मध्यावर ठेवायचं, एवढंच डोक्यात होतं. मध्यावर ठेवून बघितलं. चित्र थोडं कमी अडकायला लागलं आणि वीज थोडी जास्त जायला लागली. म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

आबा मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. मी वैतागून त्यांनाच सांगायला लागलो. काम नसताना कार्डाने झोपायला पाहिजे, काम आलं की पूर्ण जोरात उठायला पाहिजे, आणि कॅमेऱ्यांमुळे त्याला नीट कळतच नाही की काम आहे का नाही.

“मंजी बंगल्यावर कोन न्हाई, आन झुंबर चालू,” आबा म्हणाले.

“अगदी तसंच.”

“मग आमी करतो तसं करा की. शेठ नसत्यात तवा बंगल्यात एक दिवा. गीझर बंद, एशी बंद, पाण्याची मोटर बंद. शेठ निगाले की फोन करत्यात. लोनावळ्याच्या एक्झिटला आले की दुसरा फोन. दुसरा फोन आला की मी उटतो, गीझर लावतो, दिवं लावतो. गाडी आत येतीया तवर समदं तयार. शेठ गेले की गेट लावायच्या आदी समदं बंद.” त्यांनी नातीच्या तोंडातून माझ्या मीटरची वायर काढून घेतली. “मधल्या मधी ठेवून कसं चालंल? अर्धा गीझर लावून पानी तापतं व्हय?”

मी अश्विनीकडे बघितलं. ती हसत होती, आठवड्यात पहिल्यांदा. मी सव्वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय आणि मशीनने स्वतःच सगळं ओळखावं म्हणून दोन दिवस डोकं फोडत होतो. माणसाने सांगायचं, शेठ आले, हे मला सुचलंच नव्हतं. मीटिंगची वेळ ठरलेली. चित्र फिरवायचं तेवढाच वेळ काम. मग सांगायला काय हरकत?

मी डेस्कटॉपवर दोन बटणं करून दिली. एक दाबलं की झाकण बसणार, कार्ड खालच्या ठेक्यावर. दुसरं दाबलं की झाकण निघणार, कार्ड मोकळं. त्यांना मी नावं दिली होती ‘लो’ आणि ‘हाय’. अश्विनीने ती बदलली. ‘शेठ गेले’ आणि ‘शेठ आले’. आबांना ते वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “शेठला दाखवू नका म्हंजी झालं.”

गुरुवारी मला लोणावळ्यात एका हॉटेलच्या बिलिंग मशीनचं काम होतं. ते बाराला उरकून मी मळवलीत उतरलो. बोलावलं नव्हतं, पण दुकानात बसून माझं लक्ष लागलं नसतं. दहाला लाइट गेलेली. मशीन चालू, ‘शेठ गेले’ वर. अश्विनी मुलीला भात भरवत होती आणि मधूनच इन्व्हर्टरकडे बघत होती.

दोन वाजून दहा मिनिटं झाली. आम्ही तिघंही इन्व्हर्टरकडे बघत होतो. दोन पंधरा. दोन वीस. आबा म्हणाले, “चला, मी गेटवर जातो,” आणि गेले. मुलगी झोपली, तिला आतल्या खोलीत ठेवून अश्विनी केस नीट करून बसली. पंखा तिने स्वतःच बंद केला.

तीनला पाच कमी असताना तिने ‘शेठ आले’ दाबलं. मागचा फॅन घुमायला लागला.

हेडफोनचा माइक खराब झाला होता म्हणून मीटिंग स्पीकरवर. मी कोपऱ्यात, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा. स्क्रीनवर तिचे देशमुख सर आणि क्लाएंट नवरा-बायको.

“आज आहात म्हणजे,” देशमुख सर म्हणाले. आवाज थंड.

“हो सर. सुरू करते.”

तिने दार उघडलं आणि त्या दोघांना आत घेऊन गेली. हॉल, सोफा, पडद्यातून येणारं ऊन, मग किचन. कुठेही अडकलं नाही. किचनच्या ट्रॉल्यांचा रंग बाईंना गडद वाटला. अश्विनीने तिथल्या तिथे बदलून दाखवला. मग नवऱ्याला तो फिका वाटला. तोही बदलला. मला त्या ट्रॉल्यांचा इतका राग आला होता. एकेक मिनिट जात होतं, आणि कार्ड पूर्ण जोरात खात होतं.

साडेतीन वाजून गेले आणि इन्व्हर्टरने पहिली शिटी दिली. बॅटरी संपत आली की तो थांबून थांबून वाजतो. अश्विनीचा हात क्षणभर थांबला. मग ती बाल्कनी दाखवायला लागली, जराशी भरभर. दर मिनिटाला शिटी. मी हलक्या पावलांनी जाऊन आतल्या खोलीतला दिवा बंद केला. उपयोग किती झाला असेल कोण जाणे, पण हातावर हात ठेवून बसवेना.

“छान झालंय,” क्लाएंट बाई म्हणाल्या. “हेच फायनल करू या.” ते दोघं मीटिंगमधून गेले. अश्विनीने लगेच ‘शेठ गेले’ दाबलं. देशमुख सर राहिले होते.

“अश्विनी, काम चांगलं झालंय. पण मघापासून तो आवाज कसला येतोय?”

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “इन्व्हर्टरचा, सर. बॅटरी संपत आलीये. लाइट सकाळी दहालाच गेली.”

“दहापासून तुम्ही बॅटरीवर आहात? आणि हे सगळं त्याच्यावर दाखवलंत?”

“हो सर.”

“आजच नेमकी गेली?”

“दर गुरुवारी जाते, सर. आमच्याकडे गुरुवारीच जाते. दहा ते पाच.”

इन्व्हर्टर तेवढा वाजत होता.

“दर गुरुवारी? मागच्या वेळी तुम्ही नेट गेलं म्हणाला होतात.”

“नेट सगळ्यांचंच जातं, सर. लाइट नाही म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, मग इकडे ऑफिसला या, इथल्या बिल्डिंगला जनरेटर आहे.”

“म्हणालो असतो,” सर म्हणाले. नंतर त्यांनी घसा साफ केला. “अहो, गुरुवार मी असाच ठेवला होता. त्या दिवशी माझी बाकीची कामं कमी असतात, एवढंच. बुधवारी ठेवू. बुधवारी असते ना लाइट?”

“असते, सर.”

“मग झालं. तुम्ही घरूनच करा.”

मीटिंग संपली. इन्व्हर्टर आणखी काही मिनिटं वाजला आणि चार वाजून सात मिनिटांनी गप्प झाला. दोन्ही स्क्रीन काळ्या. अश्विनी आत गेली, झोपलेल्या मुलीला उचललं आणि तिला खांद्यावर घेऊन तिथेच उभी राहिली, पाठ माझ्याकडे करून. मी बाहेर येऊन आबांना सांगितलं. ते म्हणाले, “व्हय? बरं झालं,” आणि गेटची कडी उगाच दोनदा लावून काढली.

परतताना मी हिशेब मांडत होतो. क्लॉक उतरवायला मला दोन फेऱ्या लागल्या. वार बदलायला साहेबांना अर्धं वाक्य लागलं. हे पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर? पण मला नाही वाटत ते तेव्हा जमलं असतं. पहिल्या दिवशी ते गाऱ्हाणं झालं असतं. काम पूर्ण करून, शिटी वाजत असताना सांगितलं म्हणून ते माहिती झालं. तेवढा वेळ तिला मिळाला तो त्या अठ्ठ्याहत्तर वॅटमधून मिळाला, असं मी स्वतःला सांगतो. दुकानदाराने स्वतःला काहीतरी सांगायलाच हवं.

तरी एक फरक पडलाय. हल्ली कोणी फोन करून म्हणालं की बॅकअप पुरत नाही, मशीन मधेच जातं, साहेब ओरडतात, तर मी बॅटरीचं नाव काढत नाही. विचारतो, साहेबांना खरं कारण सांगितलंय का? बहुतेक जण म्हणतात, ते राहू द्या, तुम्ही येऊन बघा. मग मी म्हणतो, ठीक आहे, मीटर घेऊन येतो.